प्रभाकर बरवे यांची चित्रकला : स्वप्न, नेणीव आणि जागृत रचना

प्रस्तावना :
स्वप्न व नेणीव यांचा आधुनिक चित्रकलेशी असलेला संबंध विसाव्या शतकातील कलाविचारात महत्त्वाचा ठरला. सिग्मंड फ्रॉईड यांच्या स्वप्नमीमांसेने (१९००) त्याची वैचारिक भूमी तयार केली. आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ च्या जाहीरनाम्यात विवेकाचे नियंत्रण नसलेली स्वयंस्फूर्त अभिव्यक्ती हे अतिवास्तववादाचे लक्षण सांगितले. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांची चित्रे अनेकदा याच वादाशी जोडली जातात. ही जोडणी कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

विवेचन :
रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेल्या बरवे यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. विणकर सेवा केंद्रातील नोकरीमुळे ते वाराणसीस राहिले. तेथे परिचित झालेली तांत्रिक चिन्हे त्यांच्या आरंभीच्या चित्रांत दिसतात. पुढे ती मागे पडली आणि घड्याळ, पान, किल्ली, शिंपला, ढग अशा परिचित वस्तू विस्तीर्ण रिकाम्या अवकाशात अवतरल्या. त्यांतील परस्पर प्रमाण व्यवहारातले नाही. त्यांना एकत्र आणणारे कारणही व्यवहारात सापडत नाही. हे तर्कशास्त्र स्वप्नाचेच आहे, हे मान्य करावे लागते.

तथापि फ्रॉईडप्रणीत स्वप्नात वस्तू दडपलेल्या इच्छेच्या जागी उभी असते. तिचा अर्थ उकलावा लागतो. बरवे यांची किल्ली कोणत्याही गुपिताची खूण म्हणून येत नाही. ती प्रथम आकार आहे, नंतर वस्तू. एनॅमल रंगांचे सपाट, शांत पृष्ठभाग आणि आकारांमधील मोजून राखलेले अंतर यांत स्वयंस्फूर्ततेपेक्षा निवडच अधिक जाणवते. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हा त्यांचा ग्रंथही चित्रनिर्मितीचा विचार किती सजगपणे होऊ शकतो, याचे उदाहरण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. दाली व माग्रित यांची चित्रेही काटेकोर नियोजनाने रंगविलेली आहेत; मग बरवे वेगळे कसे? उत्तर असे की, दालीच्या चित्रात भय व वासना यांचा ताण असतो, तर माग्रित दर्शकाला कोड्यात टाकतो. बरवे मात्र वस्तूला तिच्या नावापासून व उपयोगापासून मोकळे करून तिच्याकडे पाहण्यास अवसर देतात.

निष्कर्ष :
बरवे यांच्या चित्रांत स्वप्न हा विषय नसून पाहण्याची रीत आहे. म्हणून त्यांतील प्रत्येक वस्तूचा प्रतीकार्थ लावणारी समीक्षा चित्राचे कोडे करते आणि त्यातील रिक्त अवकाश गमावते. नेणीव चित्राला सामग्री पुरवील. पण रिकामी जागा किती ठेवावी, हे जागे मनच ठरविते.