जमिनीची मालकी आणि कॅसीची नजर

मिल्ड्रेड टेलर यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६) या किशोर-कादंबरीची चर्चा बहुधा वंशद्वेषाच्या चित्रणापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. १९७७ चे न्यूबेरी पदक आणि नंतर वर्गात लाभलेले स्थान यांमुळे ती संस्कारक्षम वाचन म्हणून स्थिरावली. या कादंबरीचा खरा कणा मात्र जमिनीचा आहे. १९३३-३४ च्या मंदीतील मिसिसिपीमध्ये लोगन कुटुंबाची स्वतःची ४०० एकर जमीन आहे. भोवतालची बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे ग्रेंजरसारख्या जमीनदारांची शेती अर्धेलीने कसतात. नऊ वर्षांची निवेदक कॅसी या दोहोंतील अंतर गृहीतच धरून बोलते.

वंश आणि वर्ग येथे परस्परांत कसे गुंतले आहेत, हे वॉलेस-बंधूंच्या दुकानावरील बहिष्काराच्या प्रसंगमालिकेत दिसते. लोगन कुटुंब शेजाऱ्यांसाठी व्हिक्सबर्गहून माल आणण्याची व्यवस्था करते. उत्तरादाखल ग्रेंजर पिकातील आपला वाटा ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेतो आणि काही कुटुंबांना माघार घ्यावी लागते. येथे बंदूक चालत नाही, हिशेबाची वही चालते. प्रतिकार करण्याची ऐपत ही धैर्यापूर्वी मालकीची बाब असते, हे लेखिका कोणत्याही भाष्याविना दाखवते. लोगन कुटुंबही अबाधित नाही. त्यांच्या जमिनीच्या काही भागावर कर्ज आहे, आणि बँकेने ते एकाएकी मागताच हॅमरकाकाला आपली मोटार विकावी लागते.

आरंभीचा पाठ्यपुस्तकांचा प्रसंग याच तर्काने वाचता येतो. गोऱ्यांच्या शाळेत वापरून जीर्ण झालेली पुस्तके काळ्या मुलांना मिळतात. आतल्या तक्त्यात पुस्तकाची दशा आणि विद्यार्थ्याचा वंश शेजारी-शेजारी नोंदलेले असतात. शिक्षिका असलेली आई त्यावर कागद चिकटवते. पुढे तिची नोकरी जाते तेव्हा हा कागदही तिच्याविरुद्ध पुरावा होतो.

प्रश्न उभा राहतो तो टी. जे. एव्हरीपाशी. टी. जे. हा ग्रेंजरच्या जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबातील मुलगा. तो स्टेसीचा नवा कोट युक्तीने पदरात पाडून घेतो, लोगनबाईंविरुद्ध चुगली करतो, मोत्याच्या मुठीच्या पिस्तुलाच्या मोहात गोऱ्या सिम्स-बंधूंच्या नादी लागतो आणि खुनाच्या आरोपात सापडतो. हे सारे कॅसीच्या नजरेतून येते, आणि ही नजर मालकाच्या घरात घडलेली आहे. टी. जे.ची लालसा तिला स्वभावदोष वाटते. नवा कोट स्टेसीला घरून मिळतो, टी. जे.ला तो दुसऱ्याच्या अंगावरूनच मिळवावा लागतो, हा फरक संहितेत असूनही निवेदनात उच्चारला जात नाही. लेखिकेने बालनिवेदकाची मर्यादा जाणीवपूर्वक वापरली, असा बचाव करता येईल. परंतु बुद्धिमान वडीलधाऱ्यांच्या संभाषणांनी भरलेल्या या कादंबरीत तो पूर्णतः पटत नाही. हॅमरकाकाही कोटाच्या बाबतीत स्टेसीलाच मूर्ख ठरवतो.

शेवटची आग मात्र या आक्षेपाला बरेचसे उत्तर देते. टी. जे.ला फासावर चढवण्यास निघालेला जमाव वकील जेमिसनच्या विनवणीने थांबत नाही. डेव्हिड लोगन स्वतःच्या कपाशीला आग लावतो. ज्वाळा ग्रेंजरच्या झाडांकडे सरकू लागताच जमाव ती विझवण्यास धावतो. गोरे आणि काळे एकाच रांगेत उभे राहतात. कायद्याला जे जमत नाही ते मालमत्तेच्या भयाला जमते. भूमिहीनाच्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी खर्ची पडते ती लोगनांची कपाशी. मालकीचा अभिमान प्रथमच दुसऱ्याच्या कामी येतो.

टेलर यांना हा विषय सुटला नव्हता, हे 'द लँड' (२००१) सांगते. जमीन घेणारा पॉल-एडवर्ड हा गोऱ्या मळेवाल्याचा पुत्र; घोडे आणि सुतारकाम यांचे त्याचे कसब बापाच्या घराच्या आधाराने मिळालेले आहे. पहिल्या कादंबरीत केवळ कष्टाची कमाई भासणारी जमीन येथे रक्तसंबंधातून आलेल्या संधीशी जोडली जाते.

मराठीत ही दृष्टी अपरिचित नाही. १९७२ मध्ये दलित पँथरच्या स्थापनेने कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी नाते जोडले, आणि त्या साहित्याकडे लक्षही गेले. पण ते प्रामुख्याने कविता, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांकडे. किशोर-कादंबरी त्यातून बाजूला राहिली. कॅसी अखेरीस रडते ती टी. जे.साठी आणि जमिनीसाठी. त्यांतील पहिल्याचे काय होणार, हे कादंबरी सांगत नाही. दुसरी लोगनांच्याच हाती राहते.