अमेरिकी परंपरावादी संस्कृतिसमीक्षा : वादापासून प्रतिक्रियेपर्यंत

चित्रपट, दूरचित्रवाणी, गाजणारी पुस्तके आणि चालू राजकारण यांवर परंपरावादी भूमिकेतून भाष्य करण्याचा लेखनप्रकार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला आणि स्थिरावला. त्याला निव्वळ पक्षप्रचार मानले, तर त्याचे मोठेपणही कळत नाही आणि त्याची घसरणही मोजता येत नाही. कुटुंब, धर्म, स्थानिक समाज आणि वारशाने आलेल्या संस्था यांवर सरकारी योजनांपेक्षा व नव्या सिद्धांतांपेक्षा अधिक विश्वास ठेवणारी वृत्ती, असा परंपरावादाचा अर्थ येथे अभिप्रेत आहे. अशा वृत्तीच्या समीक्षकाला कलाकृतीत खूप काही दिसू शकते, कारण माणसे कशाच्या आधाराने जगतात हाच तिचा मूळ प्रश्न असतो. मात्र त्यासाठी ती कलाकृती आधी नीट वाचावी आणि पाहावी लागते.

विल्यम बकले यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने हे भान प्रारंभी राखले होते. जोन डिडियन, गॅरी विल्स, ह्यू केनर यांच्यासारखे लेखक त्याच्या पानांवर लिहीत होते आणि त्यांतील काहींची वाट पुढे परंपरावादापासून दूर गेली, यावरून तेथे लेखनगुणाला किती किंमत होती ते कळते. आयन रँड यांची ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ ही भांडवलशाहीचा जयघोष करणारी प्रचंड कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा साम्यवादाशी लढणाऱ्या या नियतकालिकाने तिचे स्वागत करणे स्वाभाविक ठरले असते. परीक्षण लिहिले ते एकेकाळी साम्यवादी असलेल्या व्हिटेकर चेंबर्स यांनी, आणि त्यांनी कादंबरीचे वाभाडे काढले. नायिकेचे एकाहून अधिक नायकांशी संबंध येतात, तरी त्यांतून मूल होण्याची शक्यतादेखील या जगात कोणाच्या मनात येत नाही, ही त्यांच्या नजरेने टिपलेली गोष्ट साधी दिसते, पण तिच्यातून संपूर्ण कादंबरीचा दोष उघड होतो : ज्या जगात मूल नाही, त्या जगाला भविष्याची आणि परस्परांवर अवलंबून असण्याची जाणीवच नाही. देवाला बाजूला सारून केवळ भौतिक यशावर उभा राहिलेला हा विचार मार्क्सच्या विचाराचाच भाऊबंद आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष कठोर आहे, काहींना अन्यायकारकही वाटेल. परंतु तो पुस्तकाच्या आतून काढलेला आहे आणि तो स्वपक्षीयांना दुखावणारा आहे.

या काळाचे गोडवे गाताना त्याचा कलंक झाकणे योग्य नव्हे. त्याच १९५७ साली त्याच नियतकालिकाच्या संपादकीयाने दक्षिणेतील गोऱ्यांच्या वर्चस्वाचे समर्थन केले होते. ज्या लेखकांना कादंबरीतील न जन्मलेली मुले दिसली, त्यांच्या संपादकांना दक्षिणेतील राज्यांत मताधिकार नाकारली गेलेली माणसे दिसली नाहीत. वारशाने आलेली प्रत्येक संस्था आदरणीय मानण्याच्या सवयीतून उद्भवणारे हे आंधळेपण या परंपरेच्या मुळाशीच होते, आणि पुढच्या लेखकांनी त्याचा हिशेब पुरेशा मोकळेपणाने मांडला नाही.

बकले यांचा ‘फायरिंग लाइन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९६६ ते १९९९ असा चालला. त्यात प्रतिस्पर्ध्याला समोर बसवून दीर्घकाळ बोलू दिले जाई. सुरुवातीची अनेक वर्षे एक भाग तासाभराचा असे. १९६८ मध्ये कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग यांनी तेथे पेटीच्या साथीवर ‘हरे कृष्ण’ म्हटले आणि आपली कविता वाचली. बकले यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि आवडल्याचेही सांगितले. विरोधकाच्या कलेला दाद देऊनही त्याच्या मतांशी भांडता येते, हे प्रेक्षकांना त्या तासात प्रत्यक्ष दिसले.

नभोवाणीने हे बदलले. वादग्रस्त विषयाची दुसरी बाजूही प्रसारकाने मांडलीच पाहिजे, असा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा नियम १९४९ पासून लागू होता. तो १९८७ मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. रोजचे तीन तास, मुख्यतः एकच आवाज, आणि समोर पाहुणा क्वचितच, अशी त्याची रचना होती. लिम्बॉ यांच्याकडे विनोदाची आणि आवाजाच्या चढउताराची असामान्य जाण होती, हे नाकारता येणार नाही. पण समोर प्रतिस्पर्धीच नसल्याने त्यांच्या भाष्याला कसोटी उरली नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉक्स न्यूज’ने हीच रीत पडद्यावर आणली.

१९९२ चे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील भाषणात लॉस एंजेलिसच्या दंगलीमागची गरिबी आणि कुटुंबाची पडझड यांची चर्चा केली, आणि ओघात मर्फी ब्राऊन या दूरचित्रवाणी मालिकेतील अविवाहित आईचा उल्लेख केला. सारा देश त्या एका उल्लेखावर भांडत राहिला आणि मूळ प्रश्न मागे पडला. पुढच्याच वर्षी बार्बरा डॅफो व्हाइटहेड यांनी ‘अटलांटिक’ मासिकात कौटुंबिक विघटनाचे मुलांवर होणारे परिणाम संशोधनाच्या आधारे तपासले आणि क्वेल यांचे मूळ म्हणणे बरोबर होते, असा निर्वाळा दिला. परंपरावादी भाष्याचे काम खरे तर असेच असायला हवे होते, पण प्रसारमाध्यमांनी बक्षीस दिले ते भांडणाला. १९९२ मध्येच चित्रपटसमीक्षक मायकेल मेडवेड यांच्या ‘हॉलिवुड व्हर्सेस अमेरिका’ या पुस्तकाने कौटुंबिक चित्रपट अधिक कमाई करतात असा युक्तिवाद केला. तो प्रभावी ठरला, तरी ज्या बाजाराने मूल्ये झिजवली अशी तक्रार होती त्याच बाजाराला न्यायाधीश नेमल्याने समीक्षेचा पायाच त्याने ढिला केला.

राजकारण संस्कृतीच्या प्रवाहामागून वाहत येते, असे परंपरावादी प्रकाशक अँड्र्यू ब्राइटबार्ट सांगत असत. विचार खरा आहे; पण त्याचा अर्थ अनुयायांनी असा लावला की संस्कृती ही जिंकण्याची चौकी आहे. २०२३ मध्ये ‘बार्बी’ चित्रपटावर परंपरावादी भाष्यकार बेन शापिरो यांनी केलेल्या त्रेचाळीस मिनिटांच्या चित्रफितीची सुरुवात बाहुल्या जाळून झाली. पुढे युक्तिवाद होते, काही विचार करण्याजोगेही होते; परंतु बाहुली पेटल्यावर निकाल आधीच लागलेला असतो आणि प्रेक्षक चित्रपट समजून घेण्यासाठी नव्हे, तर आपला राग कोणी बोलून दाखवतो का हे पाहण्यासाठी थांबतो. स्वपक्षावर टीका करणाऱ्यांची जागाही आक्रसली. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने २०१६ च्या जानेवारीत ट्रम्प यांच्या उमेदवारीविरुद्ध विशेषांक काढला, तो वाचकवर्गाच्या ओढीपुढे निष्फळ ठरला, आणि ट्रम्प यांच्या टीकाकारांपैकी एक असलेले ‘वीकली स्टँडर्ड’ हे नियतकालिक २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाले.

तरीही ही कला संपलेली नाही. हिल्टन क्रेमर यांनी १९८२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील कलासमीक्षकाचे पद सोडून संगीतज्ञ सॅम्युअल लिपमन यांच्यासह काढलेले ‘न्यू क्रायटेरियन’ हे मासिक आजही निघते आणि चित्र, कविता, संगीत यांवर गांभीर्याने लिहिते, जरी त्याच्या राजकीय लेखांचा सूर अलीकडे अधिक एकांगी वाटतो. याहून मोठे उदाहरण टेरी टीचआउट यांचे आहे. परंपरावादी वर्तुळात वाढलेला हा समीक्षक ‘वॉल स्ट्रीट जर्नल’साठी नाटकांवर लिहिताना न्यूयॉर्कपुरता थांबला नाही, देशभरातील प्रादेशिक रंगमंचांवर जाऊन त्याने प्रयोग पाहिले आणि लुई आर्मस्ट्राँगचे चरित्रही तितक्याच आस्थेने लिहिले. स्थानिक समाजाला महत्त्व देणाऱ्या विचाराने स्थानिक नाट्यगृहात जाऊन बसावे, याहून सुसंगत दुसरे काय असणार? २०२२ च्या जानेवारीत टीचआउट यांचे निधन झाले. या परंपरेला आपली प्रतिष्ठा परत मिळवायची असेल, तर तिच्या संपादकांनी नव्या वक्त्यांपेक्षा आधी असे समीक्षक शोधावेत आणि त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद करावी.