पुडीत न गेलेले लेखन

वर्तमानपत्राचे आयुष्य किती, ह्याचे उत्तर आमच्या घरी फराळाच्या दिवसांत मिळे. सकाळी ज्या अग्रलेखावरून वडीलमंडळी हमरीतुमरीवर येत, तोच संध्याकाळी चकल्यांखाली तेल टिपायला पसरलेला असे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मात्र गोविंद तळवलकरांचा एखाद्या पुस्तकावरचा लेख ज्यात असेल, ते पान आई आधीच काढून ठेवी.

आमच्या समीक्षकांनी एवढीही कदर केलेली नाही. कविता, कथा, नाटक ह्यांना ओसरीवर पाट मांडायचा आणि वृत्तपत्री लेखनाला प्रासंगिक म्हणून अंगणातच उभे करायचे, ही आपल्याकडची रीत. तळवलकरांच्या बाबतीत ती सोडायला हवी, असे मला वाटते. पण ते सगळेच टिकाऊ आहे, असेही माझे म्हणणे नाही.

त्यांचा वृत्तपत्री प्रवास थोडक्यात सांगता येतो. जन्म १९२५ चा. १९५० मध्ये ते 'लोकसत्ते'त उपसंपादक झाले, तिथे ह. रा. महाजनी संपादक होते. १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला तेव्हा द्वा. भ. कर्णिकांच्या हाताखाली ते तिकडे गेले, आणि १९६८ पासून १९९६ पर्यंत त्या पत्राचे संपादक राहिले. महाजनी व कर्णिक दोघेही मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या विचारांत वाढलेले; तळवलकरांवरही तोच संस्कार. घोषणांविषयीचा संशय आणि ग्रंथांविषयीचा विश्वास त्यांनी तिथूनच उचलला असावा.

त्यांचे अग्रलेख त्या काळी गाजले. आज ते वाचताना मात्र माझी थोडी निराशा होते. उपरोध अजून धारदार आहे. पण ज्याच्यावर तो उगारला, तो मंत्री आता कोणाच्या लक्षात नाही. तलवार शाबूत आहे आणि शत्रू गायब आहे! हा दोष लेखकाचा नव्हे, अग्रलेखाच्या जातीचाच आहे.

'वाचता वाचता'ची गोष्ट निराळी. परदेशी ग्रंथ, चरित्रे, पत्रसंग्रह, सोव्हिएत राजवटीत गांजलेले लेखक ह्यांविषयी वेळोवेळी लिहिलेले हे लेख पुढे पुस्तकरूपाने आले. त्यांत पांडित्याचा दिमाख नाही. पुस्तक हाती घेतले की ते त्यातला माणूस शोधतात, त्याचे मित्र, त्याची भांडणे, त्याचा हट्ट सांगतात, आणि मग विचाराकडे वळतात. वाक्ये छोटी, विशेषणे बेताची. जो वाचक ते इंग्रजी पुस्तक कधी पाहणारही नाही, त्याला ते कमी लेखत नाहीत. पेढीवरचा कारकून आणि कॉलेजातला प्राध्यापक एकाच पंक्तीला बसलेले आहेत, असे समजून ते वाढतात.

पण ह्याच लेखांविषयी माझी एक तक्रार आहे. तळवलकर पुस्तक सांगतात फार सुरेख. त्याच्याशी भांडतात क्वचित. अग्रलेखात कोणाची भीडमुर्वत न ठेवणारा हा माणूस ग्रंथापुढे मात्र पाहुण्यासारखा अदबीने बसतो. कित्येकदा लेख संपल्यावर पुस्तकात काय आहे ते नेमके कळते. तळवलकरांना त्यातले काय पटले नाही, ते कळत नाही. आणि हा ओढाही बराचसा इंग्रजीतून येणाऱ्या ग्रंथांकडे. त्या अभिरुचीचा न्याय एखाद्या नवख्या मराठी पुस्तकाला अधिक वेळा मिळता, तर आमच्या लेखकांना तो जड गेला असता, पण मानवला असता.

संपादनाची विद्या त्यांना सर्वांत जास्त कुठे उपयोगी पडली, असे विचाराल तर मी 'सत्तांतर'कडे बोट दाखवीन. हिंदुस्थानातील सत्तांतराची कागदपत्रे ब्रिटिश सरकारने बारा जाडजूड खंडांत प्रसिद्ध केली. तारा, टिपणे, गुप्त अहवाल ह्यांचे ते अरण्यच! तळवलकरांनी मराठी वाचकासाठी त्यातून वाट काढली. इथे उपसंपादकाच्या मेजावरची सवय कामी आलेली दिसते. आलेल्या तारांच्या ढिगातून काय घ्यायचे ह्यापेक्षा काय टाकायचे, हे ज्याने रात्रपाळ्या करून शिकलेले असते, तोच असे करू जाणे. प्राध्यापकाने हे काम केले असते तर तळटिपा वाढल्या असत्या आणि वाचक घटले असते. (प्राध्यापकमंडळींनी राग मानू नये, सण आहे.)

निवृत्तीनंतर ते अमेरिकेत राहिले आणि २०१७ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनला वारले. नव्वदीच्या उंबरठ्यावरही लिहिणे चालू होते. 'वैचारिक व्यासपीठे' हे पुस्तक त्या उत्तरकाळातले. विषय इंग्रजी नियतकालिके. ते वाचताना कुठे संपादकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येतो, कुठे खपाचा, आणि आपल्या पत्राचा संसार ज्याने अठ्ठावीस वर्षे सांभाळला तो माणूस ओळींमागे उभा असल्याचे जाणवत राहते.

'वाचता वाचता' मी पुढे विकत आणले. आईला म्हटले, आता ती पिवळी पाने टाकून दे. तिने पुस्तक चाळले, कात्रणांशी ताडून पाहिले, आणि कात्रणे पुन्हा ट्रंकेत ठेवून दिली.