आखीव गाव, परकी सून

आपल्याकडे आजही मूल दुकानात जाऊन चॉकलेट मागत नाही, 'कॅडबरी' मागते. ही कॅडबरी ज्या गावात वाढली त्याच गावाचे नाव जोनाथन को यांनी आपल्या २०२२ सालच्या कादंबरीला दिले आहे : 'बॉर्नव्हिल'. आपल्या वाचकांनी ती आवर्जून वाचावी, असे आम्हांला वाटते.

कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये कारखाना बर्मिंगहॅमच्या कोंदट वस्तीतून बाहेर नेला. १८९३ मध्ये जॉर्ज कॅडबरींनी शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि पुढे तिथे कष्टकऱ्यांना परवडतील अशी, बागेसह घरे बांधली. ते क्वेकर पंथाचे. म्हणून गावात दारूचे दुकान नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनाही हे गाव पसंत पडले असते! मात्र त्या काळी कारखान्याचा बराचसा कोको साओ टोमे बेटावरून येई आणि तिथे आफ्रिकी मजूर गुलामीत राबत. १९०१ मध्ये याची कुणकुण लागली; खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. इथल्या कामगाराला बाग मिळाली, तिथल्या मजुराला काय मिळाले, हे विसरून या गावाची गोष्ट वाचता येत नाही.

को यांनी १९४५ च्या विजयदिनापासून २०२० पर्यंतच्या सात राष्ट्रीय प्रसंगांभोवती मेरी लॅम्बच्या कुटुंबाची कथा गुंफली आहे. राज्याभिषेक, विश्वचषक, डायनाचे लग्न, तिची अंत्ययात्रा. घर टीव्हीसमोर जमते आणि 'आपण इंग्रज' ही भावना तिथेच मुरते.

मेरीचा मुलगा मार्टिन ब्रिजेट या कृष्णवर्णीय मुलीशी लग्न करतो. सासरा जेफ्री शिवी देत नाही की दार लावून घेत नाही. तो तिच्याशी बोलत नाही, एवढेच. बाकीचे ते चालवून घेतात. नाव सांगताच 'फ्लॅट आत्ताच गेला' असे ऐकलेल्या आमच्या वाचकांना हा सभ्य अबोला समजावून सांगायला नको. विशेष म्हणजे १९४५ च्या त्या जल्लोषात जेफ्रीच्याच घराण्यातल्या जर्मन वंशाच्या वृद्धावर हल्ला झालेला असतो. परकेपणाचा मार घरात येऊन गेला, तरी घर शहाणे झाले नाही. कादंबरीतली ही जागा आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

तक्रार एकच. ब्रिजेटचा संताप येतो, पण तिचे अंतरंग हवे तेवढे उलगडत नाही. तिची व्यथा लॅम्ब कुटुंबाच्या हिशेबातच मोजली जाते. २०२१ च्या जनगणनेनुसार बर्मिंगहॅममध्ये जवळपास ३० टक्के लोक मुसलमान आहेत. त्यांच्यापैकी कुणी बॉर्नव्हिलवर लिहिले, तर ती कादंबरी आम्हांला वाचायची आहे.