मागाहून आलेला अर्थ

लोकप्रिय गाणें हंगामापुरतें असतें, हंगाम सरला कीं तें शिळें होतें, असा आपल्या सुशिक्षित वर्गांत समज आहे. तो पारखून पाहण्यास जोनी मिचेल या कॅनडियन गायिकेचा 'ब्ल्यू' हा १९७१ चा गीतसंग्रह उपयोगी पडेल. त्यांत अवघीं दहा गाणीं आहेत. साथ बहुतेक ठिकाणीं गिटार, पियानो किंवा डल्सिमर एवढीच. त्यामुळें आवाजाला आडोसा म्हणून राहत नाहीं.

तिसरें गाणें 'लिटल ग्रीन' एका लहान मुलीस उद्देशून आहे. महाविद्यालयीन वयांत मला 'कॅलिफोर्निया'सारखीं प्रवासाचीं गाणीं अधिक जवळचीं वाटत. हें नुसतें गोड व गूढ वाटे. पुढें १९९० नंतरच्या दशकांत उघड झालें कीं, १९६५ सालीं अविवाहित व निर्धन अवस्थेंत या गायिकेला मुलगी झाली होती, व ती तिनें दत्तक दिली होती. १९९७ मध्यें मायलेकींची भेट झाली. गाण्याचें एक अक्षरही न बदलतां गाणें बदललें!

आतां टीकाकारापुढें प्रश्न असा कीं, हा नवा अर्थ गाण्याचा कीं वार्तेचा? माझ्या मतें चरित्र दार उघडतें. आंत काय दिसावें तें ऐकणाऱ्याच्या आयुष्यावर अवलंबून असतें. ती हकीकत मीं प्रथम केवळ माहिती म्हणून वाचली. परंतु माझी कन्या शिक्षणासाठीं परदेशीं गेली, त्या वर्षीं तें गाणें मला शेवटपर्यंत ऐकवेना. त्या मातेच्या वियोगापुढें माझा वियोग तो काय! आमचें दर रविवारीं बोलणें होतें. तथापि निरोप देतांना आईबाप काय गिळून टाकतात, तें मला त्या गाण्याच्या संयमानें दाखविलें. तेथें आक्रोश नाहीं. ऋतूंचीं व फुलांचीं साधीं नांवें आहेत, आणि मुलीचें भलें व्हावें एवढी इच्छा आहे. गायिकेनें आपलें गुपित राखलें, म्हणूनच त्या गाण्यांत इतरांच्या दुःखास जागा उरली.

सर्वच गाणीं अशीं वाढलीं आहेत असें मात्र नव्हे. 'माय ओल्ड मॅन' मला आजही पूर्वींइतकेंच हलकें वाटतें. उलट, २०१५ च्या गंभीर आजारानंतर २०२२ मध्यें न्यूपोर्टच्या उत्सवांत गायिकेनें याच संग्रहांतील 'अ केस ऑफ यू' खोल, थकलेल्या आवाजांत गाइलें, तेव्हां तरुण प्रेमाचें तें गीत एका आयुष्याचा हिशेब वाटलें. सारांश, शिळेपण प्रकारांत नसतें. जें गाणें सगळें सांगून मोकळें होतें, तें आपल्याबरोबर म्हातारें होत नाहीं.