'टीएस १२५'ची साक्ष

एखाद्या प्रथिनावाचून विषाणूचे कोणते कार्य अडते, हे जाणून घेण्यासाठी तापसंवेदी वाण हे एक जुने व उपयुक्त साधन होय. ज्या जनुकाचा पूर्ण लोप झाल्यास विषाणू वाढूच शकणार नाही, त्या जनुकातील दोषही या साधनामुळे जतन करता येतो. कमी तापमानास वाण वाढवावा आणि तापमान चढवून दोष प्रकट करावा, एवढीच त्यातील युक्ती. एप्स्टाइन, एडगर व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये टी-४ या जीवाणुभक्षकाच्या जनुकांचा शोध या मार्गाने घेतला. पुढे १९७० मध्ये अल्बर्ट्स व फ्रे यांनी त्याच भक्षकाच्या ३२ क्रमांकाच्या जनुकाचे प्रथिन एकपदरी डीएनएला बद्ध होते असे दाखविले, आणि जनुकशास्त्राने सांगितलेल्या गरजेला रसायनशास्त्राने आशय दिला. प्राणिविषाणूंच्या अभ्यासात असाच मान एन्सिंगर व गिन्सबर्ग यांनी १९७२ मध्ये वर्णिलेल्या मानवी ॲडिनोव्हायरस ५ च्या वाणांना, विशेषतः 'टीएस १२५'ला मिळाला. तो सार्थ आहे. परंतु या वाणाच्या साक्षीतून जेवढे सिद्ध होते त्याहून अधिक वाचण्याचा मोह अभ्यासकांना एकाहून अधिक वेळा झाला, आणि तो कोठे झाला हे पाहणे बोधप्रद आहे.

प्रथम या साक्षीचे बळ पाहू. व्हॅन डर फ्लीट व लेव्हीन यांना १९७३ मध्ये ॲडिनोव्हायरसने बाधित पेशींत डीएनए-बंधक प्रथिने आढळली. अबाधित पेशींत ती नव्हती. केवळ एवढ्यावरून ती विषाणूची आहेत असे म्हणता आले नसते. बाधा झालेली पेशी स्वतःचीही नवी प्रथिने घडवू शकते. हा संशय १९७५ मध्ये 'टीएस १२५'ने फेडला. या वाणाचे प्रथिन कमी तापमानास घडवून डीएनएला बद्ध केले आणि मग उष्णता वाढविली, तर मूळ विषाणूच्या प्रथिनापेक्षा त्याची पकड लवकर सुटते. दोष पेशीच्या वर्तनात नसून प्रथिनाच्या अंगातच आहे, हे परीक्षानळीत दिसले. जनुकाचा दोष, प्रथिनाची तापभीरुता आणि डीएनए-प्रतिकरणाची स्थगिती या तिन्ही गोष्टी येथे एका सूत्रात येतात, आणि असा योग त्या काळच्या प्राणिविषाणुशास्त्रात फारसा आढळत नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. प्रथिन आवश्यक आहे हे ठरले; पण कशासाठी? या प्रश्नाला तापमान मध्येच चढविण्याच्या प्रयोगाने उत्तर देण्याचा प्रघात होता, आणि त्याला टेग्टमायर यांच्या १९७२ मधील कार्याचा भक्कम आधार होता. एसव्ही-४० विषाणूच्या 'ए' गटातील तापसंवेदी वाणांत, तापमान चढविल्यावर आधी सुरू झालेले डीएनए-रेणू पूर्ण होतात, नवे मात्र सुरू होत नाहीत. यावरून त्या जनुकाचे कार्य प्रतिकरणाच्या प्रारंभाचे आहे हा निष्कर्ष निघाला, आणि तो टिकला. व्हॅन डर फ्लीट व सुसेनबाख यांनी १९७५ मध्ये तीच कसोटी 'टीएस १२५'ला लावली व तसाच निष्कर्ष काढला. पण अवघ्या दोन वर्षांत, १९७७ मध्ये, व्हॅन डर फ्लीट यांनीच झांटबर्ग व यान्स् यांच्यासह हे प्रथिन नव्या साखळीच्या वर्धनातही भाग घेते असे पुरावे मांडले.

ही दुरुस्ती किरकोळ समजू नये. ॲडिनोव्हायरसचा सुमारे ३६,००० आधारजोड्यांचा रेषीय डीएनए एका टोकापासून प्रतिकृत होतो, आणि जुना पदर विस्थापित होऊन दीर्घ अंतरापर्यंत एकपदरी राहतो. एकपदरी डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाची गरज अशा ठिकाणी ठायी ठायी भासणार, हे उघड आहे. मग तापमान चढविण्याच्या प्रयोगात वर्धनाचा दोष झाकला का गेला? डीएनएवर आधीच दाटीने बसलेले प्रथिन मोकळ्या प्रथिनाइतक्या सहज निकामी होत नसावे, हे त्याचे एक संभाव्य कारण. तसे असेल, तर 'सुरू झालेले पूर्ण होते' या निरीक्षणाचा अर्थ वर्धनाला प्रथिन लागत नाही असा नसून, वर्धनापुरते प्रथिन जागेवर शिल्लक होते असा होतो. एसव्ही-४० ने शिकविलेला नियम येथे तसाच्या तसा लावणे हीच चूक होती. चॅलबर्ग व केली यांनी १९७९ मध्ये पेशीबाहेर ॲडिनोव्हायरसचे प्रतिकरण घडवून आणल्यानंतर घटक वेगळे करून पाहता आले, आणि बंधक प्रथिनाची खरी निकड वर्धनातच दिसली. प्रारंभाला ते साहाय्यक ठरते.

दुसरा मोह संख्येचा. 'टीएस १०७' हा स्वतंत्रपणे नोंदला गेलेला वाण 'टीएस १२५'सारखाच वागतो. दोन वाण एकच गोष्ट सांगतात, म्हणून ती अधिक विश्वसनीय, असे वाटणे स्वाभाविक होते. जनुकाचा अनुक्रम वाचला गेल्यावर मात्र दोहोंत एकच बदल निघाला: ५२९ अमिनो अम्लांच्या साखळीत ४१३ व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन. साक्षीदार दोन नव्हते, एकच होता. नाव तेवढे दोनदा पुकारले गेले.

आणि हा साक्षीदार प्रथिनाच्या केवळ एका अर्ध्या भागाविषयी बोलतो. विद्युत्प्रवाही जेलमध्ये ७२,००० रेणुभाराचे दिसणारे, परंतु अनुक्रमावरून सुमारे ५९,००० भरणारे हे प्रथिन दोन खंडांचे आहे. १९७३ मध्ये त्याच्यासोबत दिसलेले लहान प्रथिन म्हणजे त्याचाच तुटलेला कार्बोक्सिल-टोकाकडील तुकडा. तो एकटाही परीक्षानळीत प्रतिकरण चालवितो. ४१३ वी जागा याच तुकड्यात आहे. याउलट, मानवी ॲडिनोव्हायरसला माकडाच्या पेशींत उत्तरकालीन जनुके व्यक्त करू देणारी उत्परिवर्तने क्लेसिग व ग्रॉडझिकर यांनी १९७९ मध्ये याच जनुकात दाखविली, आणि ती अमिनो-टोकाकडील खंडात पडतात. १९९४ मध्ये कार्बोक्सिल-खंडाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. एका रेणूची शेपटी शेजारच्या रेणूत अडकून साखळी बनते, हे तीत स्पष्ट दिसले. अमिनो-खंड त्या स्फटिकात नव्हताच.

या पार्श्वभूमीवर 'टीएस १२५'विषयीचा तिसरा दावा पारखावा लागतो. चढ्या तापमानास या वाणाने बाधित पेशींत पूर्वकालीन आरएनए अतिरेकी प्रमाणात साठतो, असे कार्टर व ब्लँटन यांनी १९७८ मध्ये नोंदविले, आणि बंधक प्रथिन पूर्वकालीन जनुकांना आवर घालते अशी उपपत्ती मांडली. परंतु चढ्या तापमानास या पेशींत दोन गोष्टी एकदम नाहीशा होतात: कार्यक्षम प्रथिन आणि प्रतिकृत डीएनए. आरएनएची वाढ यांपैकी कशामुळे, हे केवळ तापमान बदलून सांगता येत नाही. मूळ विषाणूचे प्रतिकरण औषधाने रोखून, प्रथिन शाबूत ठेवून, त्याच घटिकेला आरएनए मोजला तरच ही दोन कारणे वेगळी होतात. शिवाय प्रथिनाची डीएनएवरील पकड सुटली तरी अमिनो-खंड निकामी झाला असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा आवर घालण्याचे कार्य कोणत्या खंडाचे, याचा निर्णय 'टीएस १२५'कडे मागण्याऐवजी अमिनो-खंडात दोष असलेल्या वाणांकडे मागावयास हवा.