वाचा आणि भाषा : बधिर मुलांच्या शिक्षणातील एका जुन्या वादाचा परामर्श

मराठीत 'वाचा' आणि 'भाषा' हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. दगडाला वाचा फुटते, भीतीने माणसाची वाचा बसते. आणि ज्याला वाचा नाही त्याला भाषाही नाही, हा समज अशा वापरातून नकळत पक्का होतो. 'मूकबधिर' हा समास ह्याच समजाचे अपत्य होय. वस्तुतः जन्मबधिर मुलाची वागिंद्रिये बहुधा निर्दोष असतात. त्याला ऐकू येत नाही म्हणून ते बोलावयास शिकत नाही, एवढेच. पुढे 'कर्णबधिर' हा शब्द रूढ झाला आणि 'मूक' हे पद गळून पडले. परंतु त्यामागील समज शाळांच्या अध्यापनपद्धतीत दीर्घकाळ टिकून राहिला.

हा वाद जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे ह्याने खुणांच्या आधारे बधिरांना शिकविले, तर लाइपझिग येथे १७७८ मध्ये शाळा काढणाऱ्या हायनिकेने वाचेचा पुरस्कार केला. १८८० च्या मिलान परिषदेने वाचापद्धतीच्या बाजूने कौल दिला. तेथील प्रतिनिधी बहुतेक सर्व ऐकू येणारे होते, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. मुंबईतील बधिरांच्या संस्थेचा आरंभ सामान्यतः १८८५ हा मानला जातो, म्हणजे मिलाननंतर अवघ्या पाच वर्षांचा. पुढे देशातील बधिर-विद्यालयांवर वाचापद्धतीचेच प्राबल्य राहिले. मिलानचे ठराव व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने नाकारले ते २०१० साली.

वाचापद्धतीचा मुख्य आधार ओष्ठवाचन हा आहे. शिक्षकाच्या ओठांच्या हालचाली पाहून मुलाने शब्द ओळखावा, अशी त्यात अपेक्षा असते. मराठी ध्वनिव्यवस्थेच्या कसोटीवर ही अपेक्षा घासून पाहावी. प, ब, भ, म ह्या चारही व्यंजनांत ओठ सारखेच मिटतात ('फ'चा दंतोष्ठ्य उच्चार करणाऱ्यांच्या बाबतीत तो तेवढा वेगळा दिसेल). घोषत्व कंठात घडते, अनुनासिकत्व नाकात, आणि महाप्राणाचा श्वास डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे 'पान', 'बाण', 'भान', 'मान' हे चार शब्द ओठांवर जवळजवळ एकच आहेत. दंत्य आणि मूर्धन्य ह्यांतील भेद जिभेच्या टोकाचा. तो दातांआड झाकला जातो, म्हणून 'पाटी' आणि 'माती' वेगळ्या करता येत नाहीत. क, ख, ग, घ ह्यांचे उच्चारस्थान तर मुखाच्या अगदी मागे आहे. ह्याहून गंभीर गोष्ट व्याकरणाची. 'मुलाला' आणि 'मुलांना' ह्या रूपांत ऐकणाऱ्याला वचनाचा भेद स्पष्ट जाणवतो, पाहणाऱ्याला मुळीच नाही. मराठीचे बरेचसे व्याकरण शब्दाच्या शेवटी येणाऱ्या अशा लहान प्रत्ययांत साठलेले आहे.

तरीही प्रौढपणी श्रवणशक्ती गमावलेली माणसे ओष्ठवाचनाचा बराच उपयोग करून घेतात, हे खरे. परंतु ती हे करू शकतात ते मराठी त्यांना आधीपासून येत असते म्हणून. जे ओठांवर दिसत नाही ते भाषेच्या ज्ञानाने ती भरून काढतात. ज्या मुलाजवळ अद्याप कोणतीच भाषा नाही, त्याने ती भाषा ओठांवरून मिळवावी असे म्हणणे म्हणजे साध्यालाच साधन मानणे होय. वाचापद्धतीच्या समर्थकांनी ह्या आक्षेपाला समाधानकारक उत्तर दिलेले आढळत नाही. त्यांच्या यशस्वी उदाहरणांत पुष्कळदा थोडी शिल्लक असलेली श्रवणशक्ती किंवा उशिरा आलेले बधिरत्व असते.

विरुद्ध पक्षाची भूमिका शास्त्रीय पायावर उभी राहिली ती १९६० नंतर. त्या वर्षी स्टोको ह्यांनी अमेरिकेतील बधिरांच्या खुणांना स्वतःची घटकव्यवस्था असल्याचे दाखविले. भारतात वसिष्ठ, वुडवर्ड आदींनी १९७० च्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील बधिरांच्या खुणांचा अभ्यास केला, आणि झेशान ह्यांचे विवेचन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते; 'चेहरा' ह्या खुणेला ती जोडली की 'कोण', 'जागा' ह्या खुणेला जोडली की 'कुठे'. 'देणे' ह्या क्रियेत कोणी कोणाला दिले हे हाताच्या दिशेनेच कळते. विभक्तिप्रत्ययाची गरज पडत नाही. महाराष्ट्रात ह्या विषयाची स्वतंत्र दखल घेतली गेली ती दिलीप देशमुख ह्यांच्या पुस्तकाने. सांकेतिक भाषा आणि बधिरांच्या शिक्षणातील द्वैभाषिकता ह्यांवरील हे इंग्रजी पुस्तक १९९७ मध्ये इचलकरंजीहून निघाले.

अनेक शिक्षक मात्र एक मधला मार्ग धरतात. ते मराठी बोलतात आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक खूण करतात. त्यात 'ला', 'ने', 'च' ह्यांना खुणा नसतात आणि खुणांच्या भाषेतील दिशा व मुखमुद्रा ह्यांनाही जागा नसते. परिणामी मुलापुढे येते ती मराठीही नव्हे आणि सांकेतिक भाषाही नव्हे. तडजोड म्हणून ती सोयीची असेल, परंतु भाषा म्हणून अपुरी आहे.

ह्या वादाची खरी परीक्षा मुंबईत होत नाही. ती बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या तालुक्यात होते. बालाघाटच्या ह्या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुले कोपीत किंवा फडाच्या कडेला. वाचापद्धतीने गृहीत धरलेली आई घरी असते. तिला वेळ असतो, ती रोज मुलाला समोर बसवून उच्चार घोटून घेते. पहाटे फडात उतरणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा करणे निर्दय आहे. 'एडिप' योजनेखाली कर्णरोपणासाठी साहाय्य मिळू शकते. परंतु शस्त्रक्रिया एका दिवसाची आणि त्यानंतरचे श्रवणशिक्षण वर्षांचे असते. सहा महिने साखर कारखान्याच्या परिसरात आणि सहा महिने गावात राहणाऱ्या मुलाला ते सलग कोठे मिळणार?

म्हणून सांकेतिक भाषेचा पक्ष आपोआप जिंकतो, असे मात्र नाही. अशा घरातील बधिर मूल आईबापांशी खुणा करतेच. भाकरी, पाणी, बैल, मार ह्यांच्या खुणा कोणी न शिकविता तयार होतात. पण घरगुती खुणा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. जेप्सन ह्यांनी १९९१ मध्ये भारतातील शहरी आणि ग्रामीण खुणांतील अंतर दाखविले, ते येथे लक्षात घेण्याजोगे आहे. भाषा घडते ती खुणा करणाऱ्यांच्या समुदायात. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बधिर मुले शाळांत एकत्र आली. शिक्षक ओष्ठवाचन शिकवीत होते आणि मुलांनी आपसांत नवीन भाषाच निर्माण केली. एकट्या मुलाला हे साधत नाही. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने त्या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख केला, २०२१ मध्ये तिचा कोश दहा हजार शब्दांवर गेला. परंतु कोशाशी मूल बोलत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या हंगामी वसतिगृहात एखादे बधिर मूल राहिले, तर ते शाळेत राहते एवढेच. तेथे खुणा जाणणारा दुसरा कोणी नसेल तर ते कोपीत होते तितकेच एकटे असते.

ह्या दृष्टीने २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील कलम १७ अधिक महत्त्वाचे ठरते. सांकेतिक भाषेत पारंगत असलेले शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, प्रशिक्षित करून नेमावेत असे ते सांगते. बधिर प्रौढ हाच बधिर मुलाचा पहिला भाषाशिक्षक असू शकतो. ज्या मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आत एक पूर्ण भाषा डोळ्यांनी मिळाली, त्याला मराठी वाचणे-लिहिणे दुसरी भाषा म्हणून शिकविता येते. मग ज्याला काही ऐकू येते त्याला वाचेचेही शिक्षण द्यावे, एक विषय म्हणून, रोज थोडा वेळ. भूगोल आणि गणित मात्र त्याच्या ओठांवर अवलंबून ठेवू नयेत. सध्या धारूरच्या मुलाच्या वाट्याला ह्यांपैकी काय येते, हे बहुधा ते शाळेत जाण्याच्या वयाचे होईपर्यंत कोणी विचारीतही नाही. आणि तोवर भाषा शिकण्याची सर्वांत सोपी वर्षे फडाच्या कडेला निघून गेलेली असतात.